चिमट्याच्या सांध्यातले रक्त

हर्नियाचे साधे ऑपरेशन होते. भूल देऊन झाली होती, पेशंटच्या अंगावर हिरवे टॉवेल लागले होते. सिस्टरांनी ड्रममधून सेट काढून ट्रॉली लावली. ड्रमवरच्या टेपच्या रेघा छान काळ्या झालेल्या, म्हणजे ऑटोक्लेव्ह लागलेला. मी पहिली आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी पकडायचा चिमटा, उचलली आणि सवयीने उघडली, तर तिच्या सांध्यातून तपकिरी रंगाची एक बारीक खपली सुटून टॉवेलवर पडली. मोहरीच्या दाण्याएवढीही नसेल. मागच्या कुठल्या तरी पेशंटचे वाळलेले रक्त होते ते.

"सर, स्टराइल आहे सगळं," सिस्टर म्हणाल्या. त्यांना वाईट वाटले होते. ट्रॉली मोडली, दुसरा सेट उघडला, वीस मिनिटे गेली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरेच स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, होते का ते? आणि टेप काळी झाली, म्हणजे नेमके काय झाले?

आर्टरी फोर्सेप्स लांबून कात्रीसारखी दिसते. पात्यांच्या जागी दोन निमुळते जबडे, जबड्यांवर आडव्या बारीक खाचा, म्हणजे पकडलेली रक्तवाहिनी निसटत नाही. बोटे घालायच्या कड्यांशी तीनचार दाते असतात, त्यांना रॅचेट म्हणतात. एकेक दाता बसताना होणारा कट् कट् आवाज ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, दिवसभर चालू असतो. मधला सांधा मात्र कात्रीसारखा नसतो. कात्रीची पाती एकावर एक ठेवून स्क्रूने अडकवलेली असतात. इथे एका बाजूच्या दांडीला खाच पाडून दुसरी दांडी तिच्यातून आरपार ओवलेली असते. याला बॉक्स लॉक म्हणतात. जबडे तसूभरही डावे-उजवे हलू नयेत म्हणून ही रचना. पण त्यामुळेच तिच्या पोटात एक चिंचोळी फट तयार होते. रक्त तिच्यात सहज शिरते, ब्रश शिरत नाही. एका साध्या ऑपरेशनलाही अशा पाच-दहा आर्टऱ्या लागतात. मोठ्याला त्याच्या कितीतरी पट.

आता वाफेचे बघू. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच. फ्रान्समध्ये पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने १८७९ साली तो बनवला. त्याआधी बरोबर दोनशे वर्षे, १६७९ मध्ये, दनी पापॅंने हाडे शिजवायला दाबाखालचे भांडे केले होते, ते आपल्या कुकरचे मूळ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते, पण काही जंतूंचे बीजाणू तेवढ्याने मरत नाहीत. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना डॉक्टरांच्या टेबलावरची ती उकळत्या पाण्याची पेटी आणि तिच्यात खडखडणाऱ्या काचेच्या सिरिंजा आठवत असतील. जंतू मारण्याचा तो अर्धाच उपाय होता. १५ पौंड दाबाखाली वाफ १२१ अंशांना जाते आणि मग पंधरा ते तीस मिनिटांत बीजाणूही संपतात. मोठ्या रुग्णालयांतली यंत्रे आधी आतली हवा ओढून काढतात आणि १३४ अंशांवर तीनचार मिनिटांत काम उरकतात.

वाफेची ताकद नुसत्या तापमानात नसते. एक ग्रॅम वाफेचे थंड धातूवर पाणी झाले, की सुमारे ५४० कॅलरी उष्णता त्या जागी सुटते. भट्टीच्या तापलेल्या हवेतला हात सहज मागे घेता येतो, वाफेचा चटका मात्र साल काढतो, त्याचे कारण हेच. पण यासाठी वाफ प्रत्यक्ष त्या जागेला लागायला हवी. कुकरमधून वाफेचा झोत सुटल्याशिवाय शिट्टी ठेवू नये असे घरोघरी सांगतात. आत हवा अडकली तर डाळ कच्ची राहते. ऑटोक्लेव्हचे तेच. आणि वाळलेल्या रक्ताची खपली ही त्या अडकलेल्या हवेपेक्षा वाईट. ती धातूवर टोपणासारखी बसते. बाहेर वाफ कितीही असू दे, खपलीखाली काय चालले आहे याची खात्री देता येत नाही. टेपच्या रेघा काळ्या होतात त्या एवढेच सांगायला, की हे गाठोडे तापले होते. आतल्या सांध्याबद्दल टेप काहीच बोलत नाही.

म्हणून सिस्टरांच्या वाक्याचे उत्तर: सांगता येत नाही. आणि सर्जरीत "सांगता येत नाही" याचा अर्थ "नाही" असाच धरायचा असतो.

मग खरे काम कुठे होते? सिंकपाशी, आणि तेही ऑपरेशन संपल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात. त्या वेळी सर्जन हातमोजे काढून चहा घेत असतो. मीही तीस वर्षे तेच केले.

रक्त ओले असते तोवर ते पाण्याने निघते. वाळले की चिकटते आणि गरम पाणी पडले की शिजते. अंडे फेटलेली वाटी गरम पाण्याखाली धरून बघा, पांढरा थर असा बसतो की नखाने खरवडावा लागतो. रक्तातली प्रथिनेही तशीच. म्हणून पहिले पाणी थंड किंवा फार तर कोमट. लगेच धुणे जमणार नसेल तर ट्रेवर ओला टॉवेल टाकून ठेवायचा, एवढ्या साध्या गोष्टीने पुढचे निम्मे काम हलके होते. टॉवेल भिजवायचा तो साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने. सलाइनने नाही. ऑपरेशनच्या टेबलावर सलाइनची वाटी हाताशी असतेच, त्यामुळे आर्टऱ्या तिच्यात बुडवून ठेवण्याची सवय अनेकांना असते, आणि स्टीलच्या मुळावर येणारी याहून मोठी सवय मी पाहिलेली नाही.

आपण स्टेनलेस म्हणतो म्हणजे डाग पडत नाही असे समजतो. १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी टिकाऊ पोलाद शोधत होता, तेव्हा सुमारे १२.८ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद गंजत नाही हे त्याच्या ध्यानात आले. पोलादातले लोखंड तर तेच, मग गंज कुठे जातो? क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिपातळ पापुद्रा तयार होतो. माणसाच्या केसाच्या जाडीचे वीस हजार भाग केले तर त्यातला एखादा भाग, एवढाच तो जाड. ओरखडा पडला तरी हवा मिळाली की तो स्वतःहून पुन्हा धरतो. त्याचा वैरी एकच, क्लोराइड. सलाइनमध्ये लिटरला नऊ ग्रॅम मीठ असते, रक्तही जवळपास तेवढेच खारट. क्लोराइड त्या पापुद्र्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडते आणि मग गंज वर पसरण्याऐवजी आत उतरत जातो. वरून दिसतो एक काळा ठिपका. एके दिवशी ऑपरेशनच्या मध्यात आर्टरीचा जबडाच मोडतो.

यात आपल्याकडे आणखी एक भर पडली. एचआयव्हीची भीती पसरली त्या काळात, वापरलेली हत्यारे आधी दहा मिनिटे हायपोक्लोराइटच्या पाण्यात टाकायची आणि मग धुवायची, अशी शिकवण सगळीकडे गेली. धुणाऱ्या माणसाचे रक्षण हा हेतू चांगला होता. पण हायपोक्लोराइट म्हणजे क्लोरीनच. स्टीलला ते सलाइनहून वाईट. शिवाय रक्ताचे थर असतील तर क्लोरीनची ताकद त्या रक्तावरच खर्ची पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालच्या आपल्या मार्गदर्शिकेत धुण्याआधीचे हे बुडवणे नको म्हटले आहे. धुणाऱ्याचे रक्षण जाड हातमोजे, चष्मा आणि ॲप्रनने करायचे. तरीही अनेक नर्सिंग होमांच्या ओटीत ती निळी बादली अजून आहे. दहा मिनिटांसाठी टाकलेली हत्यारे तिच्यात दुपारच्या जेवणापर्यंत पडून असतात.

धुताना प्रत्येक आर्टरी, प्रत्येक कात्री उघडून धुवायची. यासाठी एन्झाइमयुक्त द्रावण मिळते. त्यातली एन्झाइम्स प्रथिनांचे तुकडे करतात, म्हणजे आपल्या पोटात जे होते तेच ट्रेमध्ये होते. पाणी फार गरम केले तर ती एन्झाइम्सही निकामी होतात. मग मऊ नायलॉनचा ब्रश, आणि तो पाण्याच्या पातळीखाली चालवायचा, नाहीतर रक्ताचे तुषार धुणाऱ्याच्याच तोंडावर. तारेची घासणी किंवा भांडी घासायची पावडर अजिबात नको. हत्यारे धुणाऱ्या मावशींना वाटते चकचकीत निघाले. खरे तर त्या ओरखड्यांत पुढचे रक्त आणि पुढचा गंज बसणार असतो.

बॉक्स लॉकच्या फटीपर्यंत मात्र ब्रश पोचत नाही. तिथे अल्ट्रासोनिक क्लीनर उपयोगी पडतो. पाण्याच्या टाकीत सेकंदाला साधारण चाळीस हजार कंपने सोडली की पाण्यात असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि फुटताना फटीतली घाण उखडून काढतात. पाच-दहा मिनिटे पुरतात. पहिल्यांदा तो लावला तेव्हा आमच्या "स्वच्छ" सेटमधून पाण्यात तपकिरी धूर निघाल्यासारखे दिसले होते. सिस्टर आणि मी दोघेही बराच वेळ गप्प उभे होतो.

त्यानंतर भरपूर पाण्याने खळखळून काढणे, आणि शेवटचे पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचे. बोअरचे जड पाणी वापरले तर स्टीलवर पांढरट कडी उठतात, घरच्या गीझरच्या कॉइलवर बसतो तोच क्षार. डोळ्यांच्या ऑपरेशनमध्ये ही खळखळ आणखी महत्त्वाची. मोतीबिंदूच्या हत्यारांच्या बारीक नळ्यांमध्ये साबण किंवा एन्झाइमचा अंश राहिला, तर दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या पुढच्या भागात तीव्र दाह होतो. एकही जंतू नसताना.

वाळवून झाले की तपासणी. हा माझा आवडता भाग, कारण त्याला यंत्र लागत नाही. तपकिरी डाग दिसला तर शाळेतला खोडरबर घ्या आणि घासा. डाग गेला आणि खाली गुळगुळीत धातू दिसला तर तो नुसता डाग, पाण्याचा किंवा साबणाचा. डाग जाऊन खाली खड्डा दिसला तर गंज. ती आर्टरी त्याच क्षणी सेटमधून बाहेर. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो तसे हे आहे. ऑटोक्लेव्हमध्ये एका हत्याराचे गंजाचे कण सुटून शेजारच्या चांगल्या हत्यारांवर बसतात आणि तिथे नवा गंज धरतो. रॅचेटची परीक्षा अशी: पहिल्या दात्यावर बंद करा आणि दात्यांची बाजू तळहातावर हलकेच आपटा. उघडली तर ती रक्तवाहिनीवरूनही उघडेल. बंद जबडे उजेडाकडे धरा, मधून उजेड दिसता कामा नये. कात्रीने टोकाशी गॉजचे पदर कापून बघा, चावायला नको, सरळ कापायला हवे. नाजूक कात्रीसाठी जुना हातमोजा पुरतो.

कात्रीवरून आठवले. आमच्या आईची शिवणाची कात्री होती. त्या कात्रीने कागद कापला तर घरात दिवसभर बोलणी बसायची. ओटीतही मांस कापायची कात्री वेगळी, टाके कापायची वेगळी, ड्रेसिंगची वेगळी. पण घाईत हाताला लागेल ती वापरतात आणि मग "कंपनी खराब निघाली" म्हणतात. सोनेरी कड्यांची कात्री किंवा नीडल होल्डर, म्हणजे टाक्यांची सुई धरायचा चिमटा, दिसला तर तो दागिना नव्हे, त्याच्या जबड्यांत टंगस्टन कार्बाइडच्या पट्ट्या बसवल्या आहेत याची ती खूण. या पट्ट्या झिजल्या तर बदलता येतात, म्हणून ही हत्यारे भंगारात टाकू नयेत. आणि धार लावायला कुठल्याही चाकावर देऊ नयेत; चाकावर पाते तापले तर त्याचे पाणी उतरते.

पाणी हा शब्द इथे जुनाच आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. पकडण्या-ओढण्याची ती यंत्रे, कापण्या-टोचण्याची ती शस्त्रे. त्यांची काळजीही तिथेच आली आहे. पाणी द्यायचे ते क्षारात, पाण्यात किंवा तेलात, कामाप्रमाणे. घासायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड, धार राखायला काटेसावरीच्या लाकडाची फळी. धार झाली की नाही हे बघायची परीक्षा म्हणजे केस कापला जावा. वाकडे, बोथट, तुटके, खरबरीत धारेचे, फार जाड, फार लहान, फार लांब, फार आखूड, हे शस्त्राचे आठ दोष. त्यात खरबरीत धार करवतीला मात्र चालते, असा अपवादही नोंदलेला आहे. आजच्या तपासणीच्या यादीशी ताडून बघा, यातला एकही दोष जुना झालेला नाही.

तपासणीनंतर सांध्यांना वंगण. इथे शिवणयंत्राचे तेल घालणारे पुष्कळ. तेलाचा थर वाफेला अडवतो आणि त्याखालचे जंतू वाचतात. त्यासाठी पाण्यात विरघळणारे, दुधासारखे दिसणारे वंगण मिळते. ते वाफेला आरपार जाऊ देते. मग सेट लावताना जड हत्यारे खाली, नाजूक वर, आणि सगळ्या आर्टऱ्या उघड्या. रॅचेट पूर्ण आवळून ऑटोक्लेव्ह केली तर तापून फुगलेला धातू सांध्यात ताणला जातो, बॉक्स लॉकला केसासारखी चीर जाते, आणि शिवाय आवळलेल्या जबड्यांमध्ये वाफ पोचत नाही ती वेगळीच.

ही चीर जायला आणखी एक कारण आहे आणि ते खास आपले. घरच्या स्टीलच्या भांड्यांवर नाव घालतात तसे सर्जन मंडळी आपल्या हत्यारांवर नाव कोरून घेतात, आणि जागा सपाट मिळते म्हणून नेमके सांध्यावर. ते थरथरणारे कोरणीयंत्र सांध्याचे आयुष्य कमी करते. माझ्या दोन नीडल होल्डरवर माझे आडनाव आहे. त्यातला एक आडनावातूनच चिरला.

ड्रमबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडच्या स्टीलच्या ड्रमला कडेने भोके असतात, त्यावर सरकती पट्टी. ऑटोक्लेव्हमध्ये ठेवताना भोके उघडी आणि बाहेर काढल्याबरोबर बंद. उघडायला विसरले तर वाफ आत जाणार कशी? तरी ड्रम तापतो, बाहेरची टेप काळी होते, सगळे आलबेल दिसते. म्हणून टेपबरोबर आत, मध्यभागी, रासायनिक पट्टी ठेवावी, आणि ठरावीक दिवसांनी बीजाणूंची चाचणी करावी. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूचे बीजाणू असलेली कुपी सेटबरोबर आत टाकतात. ते मेले तर बाकीचे मेलेच असे धरता येते. मोठ्या यंत्रांत हवा नीट निघते का हे बघायला १९६३ पासून बोवी-डिक चाचणी आहे, ती रोज सकाळी, पहिल्या फेरीआधी.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची हत्यारे हा वेगळाच जाच आहे. लांब नळ्या, आत सांधे, वर उष्णता न सोसणारे भाग. पुष्कळ ठिकाणी ती दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडवून पुढच्या पेशंटला वापरतात. बीजाणू मारायला त्याच द्रावणात दहा तास लागतात. त्यातून काढून नळाच्या पाण्याने धुतली तर त्या पाण्यातलेच क्षयाच्या जातकुळीतले जंतू हत्यारावर बसतात. मग ऑपरेशननंतर तीनचार आठवड्यांनी, पेशंट बरा होऊन घरी गेल्यावर, पोटावरच्या छोट्या भोकांपाशी गाठ येते, पू येतो, नेहमीच्या अँटिबायोटिकने बरा होत नाही, आणि महिनोन्महिने औषधे चालतात. भारतातून अशा पेशंटांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हापुन्हा आल्या आहेत. नळीचे भाग सुटे करून ब्रशने धुणे आणि जे वाफेत जाऊ शकते ते वाफेतच घालणे, यावर दुसरा स्वस्त उपाय नाही.

एवढे सगळे करणारे कोण? मोठ्या रुग्णालयांत त्यासाठी सीएसएसडी हा स्वतंत्र विभाग असतो, शिकलेली माणसे असतात. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये हे काम ओटीच्या मावशी किंवा मामा करतात. त्यांना कुणी शिकवलेले नसते, आणि त्यांच्या सिंकवर साधारणपणे सगळ्यात मंद दिवा असतो. आम्ही सर्जन ऑटोक्लेव्ह कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर दोन महिने घालवतो आणि सिंकपाशी एक बल्ब बदलत नाही.

त्या खपलीनंतर मी तीन वस्तू आणल्या: अल्ट्रासोनिक टाकी, भिंग लावलेला टेबललॅम्प, आणि मावशींना बसायला एक उंच स्टूल. टाकी महाग होती, बाकीच्या दोन्हींना एका पेशंटच्या बिलाइतकेही पैसे लागले नाहीत. सेटमधून खराब म्हणून बाजूला काढलेली हत्यारे पहिल्या महिन्यात एवढी निघाली की भंगारवाल्याने किलोवर घेतली. त्यातली निम्म्याहून अधिक भिंगाखाली मावशींनी शोधली होती. माझ्यासारख्या नर्सिंग होम चालवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की टाकी पुढच्या वर्षी घ्या, पण भिंगाचा दिवा आणि स्टूल या आठवड्यात आणा.